आत्याच्या शेपटीचा सांधा

आत्याने मागच्या खोलीत मगर सोलून वाळत घातली आहे, ही बातमी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी सोडली आणि दुपारच्या चहापर्यंत ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परतही आली. परत येताना चांगलं बाळसं धरून आली. आता मगरी दोन झाल्या होत्या. खोलीतून आंबूस वास येतो म्हणजे आत्या कातडी कमवायला लागली आहे, आणि बासष्टाव्या वर्षी एकटी बाई असले उद्योग करते म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला आहे, इथपर्यंत मजल गेली होती.

"मला काय करायचंय, पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगते," काकू म्हणायच्या. काकूंचं प्रत्येक वाक्य 'मला काय करायचंय'ने सुरू व्हायचं आणि मग जे जे करायचं ते सगळं त्या करायच्या.

हे वाक्य काकूंच्याच आवाजात, मान काकूंसारखी डावीकडे टाकून गल्लीभर म्हणून दाखवणारी मुलगी म्हणजे आत्याची भाची. वय सोळा. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती कुणाचाही आवाज पकडायची आणि तिला बंद करायचं बटण नव्हतं. तिचा हात या प्रकरणातही स्वच्छ नव्हता. दुसरी मगर तिनेच सोडली होती.

खरं सांगायचं तर खिडकीतल्या दोरीवर लोंबत होती ती शेपटी. जलपरीची. कमरेपासून पावलांच्याही पुढे हातभर जाणारी, हिरवी-निळी, अंगभर खवले असलेली, सिलिकॉनची, बारा किलोंची. आत्या ती स्वतः बनवत होती, स्वतःसाठी बनवत होती, आणि डोकं अगदी जागेवर ठेवून बनवत होती. आंबूस वास यायचा तो सांधे जोडायला नळीतून काढतात त्या सिलिकॉनचा.

आत्याचं दुकान पोहण्याच्या तलावाच्या फाटकासमोर होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक आरसा, आणि मुलांना माप देताना उभं करायचं एक लाकडी स्टूल. चाळीस वर्षं आत्याने पोहण्याचे पोशाख शिवले. तलावात उडी मारलेलं गावातलं एकही अंग असं नव्हतं, ज्याचं माप तिच्याकडे नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्यांना तपकिरी कागदाचे कापलेले नमुने टांगलेले असत आणि त्यांच्यावर जाड पेन्सिलीने लिहिलेलं असे: 'लांब हात', 'रडका', 'डॉक्टरांची मोठी', 'डॉक्टरांची धाकटी (हिला गुदगुल्या होतात)'. एका खिळ्यावर रेडिओच्या बाबांचा दहाव्या वर्षीचा नमुना अजून होता. हल्लीचे बाबा पाहिले, तर तो कागद त्यांच्या एका दंडालाही पुरला नसता.

रेडिओचं लहानपण त्या स्टुलावर गेलं. सुट्टी लागली की फाटकापासून दुकानापर्यंत पोरांची रांग लागायची. टाइल्सवरून ओल्या पावलांचे ठसे थेट आत्याच्या उंबऱ्यापर्यंत यायचे. तलावातल्या औषधाचा वास, नव्या इलॅस्टिकचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून जो एक वास व्हायचा, त्याचं नाव रेडिओच्या मते 'सुट्टी'. आत्या ओठांत टाचण्या धरून माप घ्यायची आणि टाचण्यांच्या मागूनच बोलायची. "हात वर. अजून. हलू नको गं, तू काय वाऱ्यावर वाळत घातलेला कपडा आहेस का?" रेडिओने आयुष्यातली पहिली नक्कल केली ती याच आवाजाची, ओठांत आगपेटीच्या चार काड्या धरून. तेव्हा ती पाच वर्षांची होती. आत्या इतकी हसली होती की टाचण्या वेचायला अर्धा तास लागला.

हिवाळ्यात तलावाच्या फाटकावर नोटीस लागली. मार्चच्या शेवटच्या रविवारी तलाव बंद. नंतर पाणी सोडून देणार आणि तिथे गाड्या लावायला तीन मजली इमारत उभी राहणार. आत्याने नोटीस दोनदा वाचली, घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर झाकण घालून पातेल्यात सिलिकॉन कालवायला बसली.

मातीच्या मोठ्या वडीवर चमच्याच्या टोकाने तिने खवले उठवले. एक-एक करत, ओळीने. त्यावर प्लास्टर ओतून साचा केला, साच्यात सिलिकॉन ओतून चादरी केल्या. पोहताना पायांना घालतात ते दोन रबरी पंख एका पातळ फळीवर स्क्रूने बसवले, ती झाली पुच्छाची हाडं. रोज सकाळी सहाच्या बायकांच्या वेळेला जाऊन, घोट्यांना इलॅस्टिकची पट्टी बांधून, दोन्ही पाय एक करून पोहायचा सराव केला. सगळं जमलं. अडलं ते जोडण्यापाशी.

आत्याने चाळीस वर्षांच्या सवयीने सुई घेतली. बारीक टीप घातली, दुहेरी दोऱ्याने, पाहून डोळे निवावेत अशी. आणि हाताने जरा ताणून पाहिलं तर सुईच्या भोकांच्या रेषेवरून चादर पोस्टाच्या तिकिटासारखी सर्रकन सुटून आली.

मग तिने टाकीवाल्यांना बोलावलं. तलावाच्या मागच्या गल्लीत ते माशांच्या काचेच्या टाक्या बनवायचे. बुटके, गंभीर, आणि 'म्हणजे बघा कसंय' म्हटल्याशिवाय पाणीही न मागणारे.

"म्हणजे बघा कसंय ताई," ते म्हणाले, "सिलिकॉन फार मानी. त्याला दुसरं कुणी चालत नाही. डिंक नाही, दोरा नाही. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन धरतं."

"आणि धरलेलं सुटत नाही?"

"माझ्या टाकीत दोनशे लिटर पाणी दिवसरात्र सांध्याला ढकलतंय. तुमच्यात फक्त तुमचे पाय ढकलणार."

"माझे पाय तुम्ही पाहिले नाहीत अजून," आत्या म्हणाली.

त्यांनी शिकवलं ते असं. कडेला कड लावायची नाही, एक कड दुसरीवर दोन बोटं रुंद चढवायची. आधी दोन्ही बाजू स्पिरिटने पुसायच्या. मग नळीतून एकसारखी रेघ सोडायची आणि पातळ पसरायची, तीही झटपट, कारण दहा मिनिटांत तिच्यावर दुधासारखी साय धरते. साय धरली की हात लावायचा नाही. वरून मच्छरदाणीच्या जाळीची पट्टी, तिच्यावर पुन्हा सिलिकॉन. पुढची बाजू मागच्या बाजूला चिकटू नये म्हणून मध्ये प्लास्टिक गुंडाळलेला पुठ्ठा. वर वजन. आणि मग पूर्ण एक दिवस, एक रात्र, शेपटीकडे ढुंकूनही पाहायचं नाही.

उजवा सांधा टाकीवाल्यांनी समोर बसून करून घेतला आणि तो झकास झाला. डावा आत्याने एकटीने केला. बुधवारी तिने मागच्या खोलीत सतरंजीवर आडवं होऊन शेपटी चढवली, रेडिओने कमरेशी धरून ओढायला मदत केली, आणि आत्याने एक जोरदार फटका मारला. पुच्छ हललं, कपाटावरचा डबा पडला, आणि डाव्या गुडघ्यापाशी फट् असा आवाज होऊन वीतभर सांधा उघडला. आतून आत्याचा गुडघा बाहेर डोकावला.

रेडिओला हसू आवरेना. "नमस्कार, मी गुडघा बोलतोय," ती गुडघ्याच्या आवाजात म्हणाली. गुडघ्याचा आवाज कसा असतो हे तिला तत्क्षणी सुचलं होतं.

आत्या हसली नाही. पडल्या पडल्या छताकडे पाहत राहिली. रविवारला चार दिवस उरले होते.

टाकीवाले आले. उघडलेली कड त्यांनी उजेडात धरली, बोटाने चोळली आणि ते बोट आत्यापुढे नाचवलं. बोटावर पांढरं होतं.

"खडू," ते म्हणाले.

"मी खडू लावलाच नाही!"

"हात बघू."

आत्याने हात पुढे केले. कापडावर खुणा करायच्या खडूने तिच्या बोटांच्या रेघा कायमच्या पांढऱ्या झालेल्या होत्या. स्पिरिटने पुसलेली कड तिने त्याच बोटांनी धरली होती. एवढंच नाही. टाकीवाल्यांनी सांध्यावरचा एक खळगा दाखवला. अंगठ्याचा ठसा, रेघारेघांसकट स्पष्ट.

"साय धरल्यावर दाबलंत?"

आत्याने अंगठा मुठीत लपवला. शिवण झाली की तिच्यावरून अंगठा फिरवून बघायचा, ही तिची चाळीस वर्षांची सवय. कापडाला ते चालतं. सिलिकॉनला नाही.

"म्हणजे बघा कसंय, ताई," टाकीवाले हळू आवाजात म्हणाले, "शिंप्याचा हात आहे तुमचा. इथे तो मध्ये येतो."

गुरुवारी सकाळपासून आत्या आणि रेडिओ जुनं सिलिकॉन खरवडत बसल्या. आत्याने हात तीनदा साबणाने धुतले, नखं ब्रशने घासली, वर प्लास्टिकचे हातमोजे घातले. रेडिओने तासभर टाकीवाले, काकू, तलावाचे मास्तर, सगळे लावून दाखवले. शेवटी तिने विचारलं, "आत्या, पण कशासाठी गं? पाण्यात जायचं तर साधी जा ना. ही शेपूट कशाला?"

आत्या ओठांतून टाचण्या काढू लागली. आज शिवायचं काही नव्हतं, तरी सवयीने त्या तिथे होत्याच. एक-एक काढून उशीत खोचत गेली. रेडिओने तिला टाचण्यांशिवाय बोलताना क्वचितच ऐकलं होतं. आवाज वेगळाच होता, जरा बारीक.

"तलाव सुरू झाला ना, त्या दिवशी मी चौदा वर्षांची. उद्घाटनाला आम्हा मुलींचा पाण्यातला खेळ होता आणि मी जलपरी. आईने पडद्याच्या साटीनची शेपटी शिवली होती. गुडघ्यापर्यंत तिने शिवली आणि मला म्हणाली, खालचं मी उद्या पुरं करते, तू हात लावू नकोस. मला दम कुठला? मैत्रिणींना घालून दाखवायची होती. मी आपली धावदोऱ्याने खालपर्यंत नेली आणि आईला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी, उद्घाटनाला, ती शेपटी हातात घेणार तोवर मी चढवून काठावर उभी; लांबून सगळं झाल्यासारखं दिसत होतं."

"आणि?"

"उडी मारली. कापड भिजलं, जड झालं, धावदोरा सुटला. पाय कापडात अडकले. जुन्या मास्तरांनी केसाला धरून बाहेर काढलं मला. सगळं गाव काठावर उभं. लोक हसत होते, आणि कोणीतरी म्हणालं, शिंपिणीची शिवण पाणी लागलं की सुटते."

रेडिओने खरवडायची पट्टी खाली ठेवली.

"आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. धावदोरा तिला ओळखू येणार नाही? पण ती काही बोलली नाही. 'हो, माझंच चुकलं' म्हणाली सगळ्यांसमोर. पुढची किती वर्षं तलावाचं काम तिच्याकडे आलं नाही. मी मोठी होऊन मशीनवर बसले, तेव्हा कुठे लोक पुन्हा यायला लागले. आणि तेव्हाही म्हणायचे, पोरगी आईपेक्षा चांगली शिवते."

"तू सांगितलं नाहीस?"

"कोणत्या तोंडाने?" आत्या पुन्हा खरवडू लागली. "रविवारी तलावावर सगळे येणार आहेत. तिथेच सांगायचंय. पण माझी एक तरी शिवण त्या पाण्यातून सबंध पार झाली पाहिजे आधी. नाहीतर मी कोण, आईच्या शिवणीबद्दल बोलणारी?"

"आता कुणाला आठवतंय ते, आत्या? अठ्ठेचाळीस वर्षं झाली!"

"मला."

शुक्रवारी दुपारी दोन वाजता डावा सांधा पुन्हा जोडला. आत्याने श्वास रोखून रेघ सोडली, पसरली, जाळी बसवली, पुन्हा पसरली. वर कात्री, इस्त्री आणि बाबांचे दोन जाडजूड शब्दकोश ठेवले. मग ती उठली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली रेडिओच्या हातात दिली आणि म्हणाली, "मी मागितली तरी देऊ नकोस."

तासाभराने तिने किल्ली मागितली. मग पुन्हा मागितली. खिडकी बंद करायची राहिली म्हणून, इस्त्री गरम असेल म्हणून (इस्त्रीचं बटण दोन महिने लावलेलंच नव्हतं), आणि शनिवारी सकाळी तर "आत मांजर गेलंय" म्हणून. घरात मांजर नव्हतं. रेडिओने प्रत्येक वेळी टाकीवाल्यांच्या आवाजात उत्तर दिलं, "म्हणजे बघा कसंय ताई, नाही."

शनिवारी संध्याकाळी कुलूप उघडलं. सांधा सपाट, स्वच्छ, काचेसारखा. पण रेडिओने बुधवारचा फट् आवाज ऐकलेला होता. आणि खरं तर तिला भीती वाटत होती. भीती वाटली की ती जास्तच वात्रट व्हायची.

"पैज लावते," ती म्हणाली. "पलीकडची भिंत यायच्या आत सांधा सुटणार."

आत्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "लाव. तू जिंकलीस तर सात खिशांचं जाकीट शिवून देते, तुला हवं होतं तसं."

"आणि तू जिंकलीस तर?"

"आठ दिवस कुणाचा आवाज काढायचा नाही. काकूंचा नाही, टाकीवाल्यांचा नाही, माझा तर नाहीच नाही."

"चालेल," रेडिओ म्हणाली. काकूंच्या आवाजात.

रविवारी तलावाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. 'लांब हात' आला होता, आता त्याचे केस पिकलेले. 'डॉक्टरांची धाकटी' आली होती, स्वतःच्या दोन मुलींना घेऊन. 'रडका' पायऱ्यांवर बसून सरळ सरळ रडत होता, तलाव बंद होणार म्हणून. माणसं कोपऱ्यातली हिरवी पडलेली टाइल शोधत होती, जुन्या घड्याळाखाली उभं राहून फोटो काढत होती, आणि आपण कुठल्या पायरीवरून पहिल्यांदा ढकलले गेलो यावर वाद घालत होती. मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होते. जुन्या मास्तरांचे चिरंजीव ते. तोंडापेक्षा शिट्टीने जास्त बोलायचे. एक लांब म्हणजे 'या', दोन तुटक म्हणजे 'पळू नका', आणि एक हळू, घसरती म्हणजे 'काय म्हणावं या पोरांना'.

आत्याला चौघांनी मिळून पलंगावरच्या चादरीच्या झोळीतून काठावर आणलं. काकू पुढच्याच रांगेत होत्या. "मला काय करायचंय," त्या म्हणाल्या, "पण मगर सुरेख झालीय."

मास्तर पाण्यात उतरले, आत्याच्या शेजारून चालायला. एक लांब शिट्टी झाली. आत्या काठावरून घसरली आणि पाण्याखाली गेली.

काही क्षण नुसतं निळं पाणी. मग पुच्छ वर आलं, एकदा आपटलं, आणि आत्या निघाली. घाई नाही, धडपड नाही. कंबरेतून एक लाट उठायची ती पुच्छाच्या टोकापर्यंत जायची. माणसं टाळ्या वाजवायची विसरली. रेडिओच्या तोंडून मास्तरांच्या आवाजात "या, या, या" निघत होतं आणि तिला ते कळतही नव्हतं.

अर्धा तलाव झाला. दोन तृतीयांश झाला. तेव्हा डाव्या गुडघ्यापाशी पाण्यात बुडबुडे उठले आणि हिरव्या चादरीची एक झालर मोकळी होऊन हलायला लागली. आतला पांढरा पाय साऱ्या काठाने पाहिला.

"सुटला!" रेडिओ ओरडली. "सांधा सुटला!" आणि ओरडल्याबरोबर तिला वाटलं, आपली जीभ कुणीतरी कापावी.

काठावर कोणीतरी हसलं. आत्याने ते ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मास्तरांनी हात पुढे केला, तिने मान हलवून नको म्हटलं. झालर मागे ओढत, वाकडी होत, अर्ध्या पुच्छाने ती शेवटचं अंतर कापत गेली आणि तिचा हात भिंतीला लागला.

वर ओढून घेतल्यावर ती पायरीवर बसली. शेपटीकडे पाहिलं नाही तिने. समोर कुठेतरी पाहत राहिली. रेडिओ जवळ जाऊन उभी राहिली आणि तिला एकही आवाज सुचेना.

टाकीवाले मात्र गुडघ्यावर बसले. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला, फाटलेली झालर उलटी केली, उजेडाकडे धरली, आणि सांधा टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपला.

"म्हणजे बघा कसंय," शेवटी ते मोठ्याने म्हणाले, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं. "सांधा शाबूत आहे."

"काय?" आत्या म्हणाली.

"सांध्याच्या बाजूला फाटलंय. दोन बोटं सोडून. चादर गेली, सांधा नाही. ओढून बघा, कुणीही ओढा." मास्तरांनी ओढलं. रडक्याने ओढलं. काकूंनी, मला काय करायचंय म्हणत, दोन्ही हातांनी ओढलं. सांधा हलला नाही.

"नक्की?" आत्याने विचारलं.

"ताई, ही टाकी असती तर मी विकली असती."

आत्याने मास्तरांचा हात धरला आणि पायरीवर बसल्या बसल्या ताठ झाली. "ऐका सगळे," ती म्हणाली. टाचण्या नव्हत्या, आवाज बारीकच होता, पण काठ शांत झाला. "उद्घाटनाला माझी शेपटी याच पाण्यात सुटली होती. ती शिवण आईची नव्हती. खालचा धावदोरा मी घातला होता, तिला न सांगता. आईची शिवण वर गुडघ्यापर्यंत होती, आणि ती शेवटपर्यंत सुटली नव्हती. एवढंच सांगायचं होतं."

बहुतेकांना ती कशाबद्दल बोलते आहे हे कळलंही नाही. पण जुन्या मास्तरांची बायको मागच्या बाकावर बसलेली होती. ऐंशीच्या पुढची. ती काठी टेकत उठली, पुढे आली आणि आत्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, ही शिवण तुझ्या हाताची दिसत नाही." आत्याने तिच्या पोटाशी तोंड लपवलं.

घरी येताना रेडिओने वाद घालून पाहिला. शेपूट तर फाटलीच होती, भिंत यायच्या आधी फाटली होती, गुडघा तर बाहेर आला होता.

"पैज कशावर होती?" आत्याने विचारलं.

"...सांध्यावर."

"मग?"

तिसऱ्या दिवशी टाकीवाल्यांचा फोन आला, सिलिकॉनची उरलेली नळी परत हवी म्हणून. रेडिओने फोन उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

"मी म्हणजे? काकू का?"

"नाही. मी, भाची."

"छे," टाकीवाले म्हणाले, "भाचीचा आवाज असा नाही. ताईंना द्या बघू."

रेडिओने रिसीव्हर लांब धरला. मशीनपाशी आत्या मान खाली घालून शिवत होती, ओठांत टाचण्या. तिने वर न पाहता एक हात उंच केला आणि पाची बोटं पसरून दाखवली. अजून पाच दिवस.